लुसिया ह्या नांवाची कुळकथा

मराठी भाषेंत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ ह्या दोन वाक्प्रचारांत अंतर थोडें, पण अर्थांत केवढा फरक! पहिला पाळण्यापाशीं होणारा मंगल विधि. दुसरा चव्हाट्यावर चालणारा उद्योग. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या वांट्याला हे दोन्ही प्रकार बहुधा बरोबरच येतात. मुलीचें नांव लुसिया, लुसी किंवा लुझिया असें ठेवावें, आणि कोणा शेजाऱ्यानें, अथवा आपल्याच घरच्या शिकलेल्या मुलानें, ‘हें कसलें परकें नांव?’ म्हणून त्याला नांवें ठेवावीं, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. नांव परकें कीं आपलें, तें पोकळ कीं अर्थपूर्ण, हा प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. ज्या मुलीला तें नांव जन्मभर वागवावयाचें आहे, तिला त्याचें उत्तर मागण्याचा हक्क आहे.

महोत्सवाच्या वर्षीं वाडवडिलांनीं आपणांस काय दिलें ह्याचा हिशेब आपण मांडतों. त्यांत देवळाच्या भिंती येतात, घंटा येते, शाळा येते. त्यांनीं दिलेलीं नांवें मात्र बहुधा हिशेबांतून सुटतात. सर्व नांवांचा विचार करण्यास येथें अवकाश नाहीं. म्हणून आम्ही एकच नांव घेतों आणि तें कोठून निघालें, कोणत्या वाटेनें आलें व आपल्या दारांत कसें उभें राहिलें, हें वाचकांपुढें ठेवितों.

लुसिया हें नांव मूळचें लॅटिन आहे. त्या भाषेंत ‘लुक्स’ म्हणजे उजेड. ह्याच शब्दाच्या ‘लुक्’ ह्या अंगापासून पुरुषाचें नांव ‘लुकिउस’ व स्त्रीचें ‘लुकिया’ हीं सिद्ध झालीं. प्राचीन रोमन लोकांचा उच्चार ‘लुकिया’ असाच होता. पुढें शतकांच्या ओघांत ‘क’ मृदु होत गेला आणि इटलींत ‘लुचिया’, पोर्तुगालांत ‘लुझिया’ आणि फ्रान्सांत ‘लुसी’ अशीं रूपें झालीं. फ्रान्सांतून तें नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडांत गेलें. रोमचा मोठा भाषापंडित वॅरो हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत होऊन गेला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, जो पहांटे जन्मला तो मानिउस आणि जो उजेडीं जन्मला तो लुकिउस. म्हणजे हें नांव प्रारंभीं जन्मवेळेचें होतें. बाळानें डोळे उघडले आणि बाहेर दिवस उजाडला होता, एवढीच त्यांतली साधी, घरगुती गोष्ट. बाळंतपणांत स्त्रियांनीं जिचा धांवा करावा त्या रोमन देवतेलाही ते लोक ‘लुकिना’, म्हणजे बाळाला उजेडांत आणणारी, असें म्हणत.

आतां येथें आमच्या मराठी वाचकांस एक आश्चर्य वाटेल. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें, व पुढील विद्वानांनीं तें पुराव्यानिशीं सिद्ध केलें. त्या शास्त्राप्रमाणें लॅटिन ‘लुक्स’ आणि संस्कृत ‘रुच्’ हीं सख्खीं भावंडें आहेत; कारण मूळच्या ‘ल’ च्या जागीं संस्कृतांत पुष्कळदां ‘र’ येतो. ‘रोचते’ म्हणजे मुळांत प्रकाशतें, झळकतें. जें झळकतें तें मनाला आवडतें, म्हणून ‘रुचि’ ह्या शब्दाला आवडीचा व पुढें जिभेच्या चवीचा अर्थ आला. ‘रुचिर’ म्हणजे सुंदर, तेजस्वी. ‘रुक्म’ म्हणजे झळकणारें सोनें, आणि त्यावरूनच रुक्मिणी हें नांव. ज्या माउलीला पंढरीचे वारकरी रखुमाई म्हणून हांक मारतात तिचें नांव आणि आमच्या आजीबाईचें लुसिया हें नांव, हीं दोन्हीं शब्दांच्या वंशवृक्षावर एकाच मुळाशीं जाऊन मिळतात. कोंकणपट्टींतील एकाच पाणवठ्यावर रुक्मिणी आणि लुझिया घागरी भरीत उभ्या राहिल्या असतील. आपण नांवानें नात्यांतल्या आहोंत हें दोघींनाही ठाऊक नसेल. ज्याला आपण परकें म्हणतों तें पुष्कळ वेळां फार दिवसांनीं परत आलेलें आप्तच असतें.

परंतु अर्थ चांगला म्हणून मनुष्य चांगला होतो असें नव्हे, हेंही रोमच्या इतिहासावरून दिसतें. लुकिउस हें नांव रोमन लोकांत अति सामान्य होतें. त्यांच्यांत पहिलीं नांवें मोजकींच असत, आणि शिलालेखांत नुसतें ‘ल’ चें आद्याक्षर कोरलें तरी वाचणाऱ्यास लुकिउस समजे. परंपरागत इतिहासाप्रमाणें रोमचा शेवटचा जुलमी राजा टार्क्विन ह्याचें पहिलें नांव लुकिउस होतें. आणि ख्रिस्तपूर्व ५०९ ह्या वर्षीं त्याला हांकून देऊन जो पहिला कॉन्सल झाला, त्या ब्रूटसचेंही पहिलें नांव लुकिउसच होतें. जुलूम करणारा व जुलूम मोडणारा, दोघेही ‘उजेडीं जन्मलेले’! स्त्रियांची स्थिति तर याहून निराळी होती. बहुतेक रोमन मुलींना स्वतःचें असें नांव नसेच. बापाच्या कुळाचें नांव स्त्रीलिंगी करून हांक मारीत, आणि एकाच घरच्या दोन बहिणींस थोरली व धाकटी एवढाच भेद असे. साम्राज्याच्या काळांत ही रीति सैल झाली व लुकिया हें स्त्रीचें नांव म्हणून सर्रास चालूं लागलें. त्याला खरें मोल मात्र रोमनें दिलें नाहीं. तें दिलें सिसिली बेटांतील एका तरुण कुमारिकेनें.

सिराक्यूज हें सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरील शहर ग्रीक लोकांनीं वसविलेलें. ख्रिस्तपूर्व २१२ मध्यें तें रोमच्या हातीं पडलें, आणि त्याच लुटालुटींत आर्किमिडीज हा थोर गणिती मारला गेला. राज्य रोमचें झालें तरी लोकांची भाषा ग्रीकच राहिली. म्हणून पुढें पांच शतकांनीं तेथील एका कन्येचें नांव लॅटिन लुकिया आणि तिच्या आईचें नांव ग्रीक युटिकिया असें कथेंत आढळतें. बादशहा डायोक्लेशियन ह्यानें इ. स. ३०३ मध्यें ख्रिस्ती लोकांविरुद्ध आज्ञापत्रें काढलीं, आणि परंपरेप्रमाणें इ. स. ३०४ मध्यें, १३ डिसेंबर ह्या दिवशीं, लुसियेनें ख्रिस्तासाठीं प्राण दिले.

तिची जी चरित्रकथा पांचव्या-सहाव्या शतकांपासून वाचली जाते, तींतील प्रसंग असे. आई पुष्कळ वर्षें रक्तस्रावानें आजारी होती. दोघी कातानिया शहरीं संत आगाथाच्या समाधीपाशीं प्रार्थनेस गेल्या, आणि तेथें आईला गुण आला. तेव्हां लुसियेनें आपला वांङ्निश्चय मोडून, हुंड्याचें द्रव्य गोरगरिबांस वांटण्याची परवानगी आईपाशीं मागितली. नियोजित वरानें चिडून सुभेदार पास्कासियस ह्याजकडे ती ख्रिस्ती असल्याची फिर्याद नेली. तिची अब्रू घेण्याची शिक्षा झाली, पण बैल जोडूनही तिला जागेवरून हलवितां आलें नाहीं. आग लावली ती लागली नाहीं, आणि अखेर गळ्यावर शस्त्र चालवून तिचा अंत करण्यांत आला.

ह्या कथेंतील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असें इतिहासकार म्हणत नाहींत, आणि आम्हीही म्हणत नाहीं. तशी कथा रचण्याची त्या काळाची एक पद्धति होती. मग लुसिया खरोखर होऊन गेली कीं नाहीं? ह्याचें उत्तर दगडावर कोरलेलें आहे. १८९४ सालीं पावलो ऑर्सी नांवाच्या इटालियन पुराणवस्तुशास्त्रज्ञाला सिराक्यूज येथील संत जॉनच्या भुयारी दफनभूमींत एक ग्रीक शिलालेख सांपडला. तो इ. स. ४०० च्या सुमाराचा समजतात. युस्किया नांवाची एक सुशील विवाहित स्त्री सुमारें पंचवीस वर्षें जगली व ‘माझ्या स्वामिनी लुकियेच्या’ सणाच्या दिवशीं वारली, असा त्याचा आशय आहे. युस्किया कोणी राणी नव्हे, संतही नव्हे. नवऱ्याच्या प्रेमाला पात्र झालेली, ऐन तारुण्यांत गेलेली एक साधी गृहिणी. पण तिच्या थडग्यामुळेंच आपणांस निश्चयानें कळतें कीं, लुसियेच्या मरणानंतर शंभर वर्षांच्या आंतबाहेर तिच्याच शहरांत तिचा सण पाळला जात होता, आणि लोक तिला आपली स्वामिनी म्हणत होते. मोठ्या संताची साक्ष एका सामान्य पॅरिशजनानें दिली, ही गोष्ट आमच्या मतें बैलांच्या चमत्काराहून कमी थोर नाहीं.

डोळ्यांच्या गोष्टीचा उलगडाही येथेंच करितों. देवळांतील मूर्तींत व चित्रांत संत लुसियेच्या हातांतील तबकांत दोन डोळे दाखविलेले असतात, आणि तिचे डोळे काढले गेले असें पुष्कळांस वाटतें. पण सर्वांत जुन्या कथेंत तसें मुळींच नाहीं. ही कल्पना कित्येक शतकांनंतरची आहे, आणि तिला पोसणारें बीज बहुतांशीं तिच्या नांवांतच आहे. लुसिया म्हणजे उजेडाची. उजेड दिसतो डोळ्यांनीं. म्हणून दृष्टि अधू झालेल्यांनीं तिच्याकडे धांव घेतली, आणि चित्रकारांनीं ती धांव डोळ्यांच्या रूपानें रंगविली. तेराव्या शतकांत याकोबुस ह्या डॉमिनिकन गुरूनें संतचरित्रांचा जो सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत तर लुसिया म्हणजे जणुं प्रकाशाची वाट, असा अर्थ त्यानें काढला आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें ही व्युत्पत्ति टिकत नाहीं, पण भक्तीच्या दृष्टीनें ती किती सुंदर आहे!

कवि दांते ह्यानेंही आपल्या एका ग्रंथांत, अति वाचनानें आपले डोळे अधू झाले होते व पुढें विश्रांतीनें ते बरे झाले, असें सांगितलें आहे. त्याच्या महाकाव्यांत, तो घोर अरण्यांत वाट चुकला असतां, पवित्र मारिया प्रथम लुसियेलाच त्याच्या मदतीस जाण्याविषयीं सांगते. लुसिया बिआत्रिसकडे जाते, आणि मग बिआत्रिस त्याच्यासाठीं वाटाड्या पाठविते. वाट चुकलेल्याला वाट दाखवावयाची म्हणजे उजेडाचीच गांठ प्रथम पडली पाहिजे, हें त्या महाकवीनें जाणलें होतें.

तथापि ह्या नांवाला सर्वांत मोठा मान पवित्र मिस्सेनें दिला. रोमन विधींतील पुरातन महाप्रार्थनेंत, जिला हल्लीं पहिली उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणतात, सात स्त्रियांचीं नांवें ओळीनें येतात: फेलिसितास, पर्पेतुआ, आगाथा, लुसिया, आग्नेस, सेसिलिया व अनास्तासिया. आगाथा म्हणजे चांगली, आग्नेस म्हणजे शुद्ध, अनास्तासिया म्हणजे पुनरुत्थानाची; हीं तीन नांवें ग्रीक. बाकीचीं चार लॅटिन. फेलिसितास म्हणजे सुख, पर्पेतुआ म्हणजे अखंड टिकणारी. आणि सेसिलिया? तें एका रोमन कुळाचें नांव, आणि त्याचा संबंध ‘आंधळा’ ह्या अर्थाच्या शब्दाशीं जोडतात. पाहा कसा योग आहे! एकाच यादींत एकीचें नांव उजेड आणि दुसरीचें आंधळेपण. आणि दोघींचा मान सारखा. कारण त्यांना त्या यादींत शब्दार्थानें नेलें नाहीं, त्यांच्या रक्तानें नेलें. अर्थ नांवाबरोबर जन्मतःच मिळतो. त्याची किंमत मात्र जगून चुकवावी लागते. १९७० च्या नव्या मिस्सा-ग्रंथांत हीं नांवें कंसांत असून तीं गाळण्याची धर्मगुरूस मुभा आहे. परंतु ज्या रविवारीं तीं उच्चारलीं जातात त्या रविवारीं आपल्या घरच्या लुसीनें व सेसिलियानें कान टवकारावे, एवढें आम्ही सुचवितों.

ह्या नांवाची सफर फार दूरवर झाली. संतेचे अवशेष प्रथम कॉन्स्टँटिनोपलला आणि १२०४ सालीं तें शहर लुटलें गेल्यावर तेथून व्हेनिसला गेले. तेथील तिचें देऊळ १८६१ सालीं रेल्वेच्या स्टेशनासाठीं पाडण्यांत आलें. अवशेष जवळच्या संत जेरेमियाच्या देवळांत ठेविले, आणि स्टेशनाला मात्र तिचेंच नांव राहिलें. सिसिलींत १६४६ सालच्या दुष्काळांत धान्याचें गलबत अकस्मात् बंदरास लागलें तें तिच्याच कृपेनें, अशी श्रद्धा आहे. दळण्याचाही धीर न धरतां लोकांनीं तो गहूं तसाच शिजवून खाल्ला म्हणे. म्हणून १३ डिसेंबरला तेथें पिठाचा पदार्थ न खातां शिजविलेला गोड गहूं खातात. आमच्याकडील गव्हाच्या खिरीचीच ही दूरची बहीण. उत्तरेस स्वीडनांत, जो देश सोळाव्या शतकांत रोमपासून वेगळा झाला, तेथेंही त्या दिवशीं पांढरा झगा घातलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन पहांटेच्या अंधारांत गाणीं म्हणत येते. धर्मपंथ बदलला, पण लुसिया गेली नाहीं. वेस्ट इंडीजमधील एका बेटाला तिचें नांव आहे. १९७९ सालीं तें स्वतंत्र राष्ट्र झालें, आणि १३ डिसेंबर हाच त्याचा राष्ट्रीय दिन आहे.

उजेडाच्या ह्या संतेचा सण वर्षांतील अति काळोख्या दिवसांत यावा, ह्याचेंही कारण जाणण्यासारखें आहे. जुन्या ज्युलियन पंचांगांत दर शंभर-सव्वाशें वर्षांस सुमारें एका दिवसाची चूक सांचत असे. चौदाव्या शतकापर्यंत ती इतकी वाढली कीं वर्षांतील सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येऊं लागली. १५८२ सालीं पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं दहा दिवस वगळून पंचांग सुधारलें तेव्हां मोठी रात्र पुनः २१-२२ डिसेंबरकडे गेली. पण लोकांच्या मनांत लुसियेची रात्र म्हणजे सर्वांत काळी रात्र, हें ठसलें तें ठसलेंच.

आतां आपल्या दारापाशीं येऊं. गोवें १५१० सालीं व वसई १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेली, आणि बाप्तिस्म्याबरोबर हीं नांवें आमच्या घरांत आलीं. पोर्तुगीज भाषेंत ह्या नांवाचीं दोन रूपें आहेत. लोकांच्या तोंडीं घोळून गुळगुळीत झालेलें ‘लुझिया’, ज्यांत उजेड ह्या अर्थाचा ‘लुझ’ हा त्यांचा नेहमींचा शब्द ऐकूं येतो. आणि लॅटिनवरून विद्वानांनीं पुनः उचललेलें ‘लुसिया’. गोव्यांत लुझिया रुळलें. इकडे इंग्रजी अमलांत त्याच नांवाचें ‘लुसी’ झालें. १९१७ सालीं फातिमा येथें ज्या तीन बालकांस मातेचें दर्शन झालें, त्यांतील थोरली दहा वर्षांची मुलगी लुसियाच. बाकीचीं दोघें बालपणींच वारलीं. लुसिया जोगीण होऊन २००५ पर्यंत त्या दर्शनाची साक्ष देत राहिली.

पोर्तुगीजांच्या अमदानींत सर्वच गोष्टी मऊ हातानें झाल्या असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. पण एक गोष्ट विचारांत घ्यावी. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीजांचें राज्य ह्या किनाऱ्यावरून गेलें. त्यानंतर हीं नांवें ठेवण्याची सक्ती करणारें कोणी उरलें नाहीं. तरीही मराठ्यांच्या अमलांत, इंग्रजांच्या अमलांत व १९४७ नंतर स्वराज्यांत, आमच्या आया-आज्यांनीं लेकींचीं नांवें लुसिया ठेविलीं. राजानें दिलेलें नांव राजाबरोबर जातें. राजा गेल्यावरही जें राहतें तें प्रजेनें आपलेंसें केलेलें असतें. पावणेतीनशें वर्षांच्या वहिवाटीनंतरही ज्याला कोणी परकें म्हणेल, त्यानें मग आपल्या शेतांतली मिरचीही उपटून टाकावी. कारण तीही त्याच गलबतांतून आली.

ह्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती न मांडणें अन्यायाचें होईल. हल्लीं पुष्कळ आईबाप मुलीचें नांव ज्योति, प्रभा, दीपा किंवा रुचिरा असें ठेवितात, आणि कांहीं वृद्ध मंडळींस तें धर्मत्यागासारखें वाटतें. त्यांस आम्ही विनयपूर्वक सांगतों कीं तसें नाहीं. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यांत, आईबापांनीं ख्रिस्ती नांव न दिल्यास धर्मगुरूनें एखाद्या संताचें नांव जोडून दोन्ही नांवें बाप्तिस्म्याच्या वहींत लिहावीं, असा दंडक होता. १९८३ च्या नव्या कायद्यांत, ख्रिस्ती भावनेशीं विसंगत असें नांव देऊं नये, एवढेंच सांगितलें आहे. ज्योति हें नांव ख्रिस्ती भावनेशीं विसंगत कसें असेल? ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असें ज्यानें म्हटलें त्याच्या लेकीला तें शोभतेंच. अर्थाच्या दृष्टीनें ज्योति व लुसिया ह्यांत रतीचाही फरक नाहीं.

मग फरक कशांत आहे? अर्थ भाषांतरानें दुसऱ्या शब्दांत नेतां येतो. आठवण नेतां येत नाहीं. ‘लुसिया’ म्हटल्याबरोबर सिराक्यूजची ती कुमारिका, तिनें गरिबांस वांटलेला हुंडा, युस्कियेचें थडगें, मिस्सेंतील सात नांवांची ओळ आणि आपली स्वतःची आजी, एवढा परिवार मागें उभा राहतो. ज्योति ह्या नांवामागें हा परिवार आपोआप येत नाहीं. तो आईबापांनीं सांगून उभा करावा लागतो. आणि खरें पाहतां लुसिया नांवाच्या मुलीलाही तो सांगावाच लागतो. न सांगितल्यास तेंही नुसतें वहींतलें अक्षर. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलीचें नांव लुसिया ठेवा अगर ज्योति ठेवा, पण तिला तिच्या नांवाची कुळकथा सांगा. विशेषतः हुंड्याची गोष्ट अवश्य सांगा. आपल्या समाजांत अद्याप जेथें जेथें लेकीच्या लग्नाचा सौदा होतो, तेथें तेथें लुसियेचें नांव हीच एक फिर्याद आहे. कारण तिनें हुंडा वराच्या घरीं नेला नाहीं, भुकेल्यांच्या घरीं नेला.

असो. दरवर्षीं १३ डिसेंबर हा दिवस आगमनकाळांत, नाताळापूर्वीं बारा दिवस येतो. त्या दिवशीं आपल्या घरांतील, वाड्यांतील ज्या कोणी लुसिया, लुसी, लुझिया, तशाच ज्योति व प्रभा असतील, त्यांच्यासाठीं एक दिवा लावावा आणि एक प्रार्थना म्हणावी. आमच्या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वहींत पुढील महोत्सवापर्यंत कोणतीं नांवें लिहिलीं जातील तें परमेश्वर जाणे. जीं लिहिलीं जातील तीं धारण करणाऱ्या कन्यांनीं आपल्या नांवाचा उजेड दुसऱ्याच्या अंगणांत पाडावा, आणि कोणासही त्यांना नांवें ठेवण्यास जागा राहूं नये, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.